गाडी घुमतेय, पण नक्की कुठून?

लोकलमध्ये इअरफोन विसरलेल्यांसाठी आजचा एपिसोड लिहून देतोय.

बाबांची गाडी चौदा वर्षांची. घोडबंदर रोडला पन्नासच्या पुढे गेलं की 'घूंऽऽ' असा आवाज यायला लागला. एका गॅरेजवाल्याने गाडी न चालवताच सांगून टाकलं, "चारही टायर गेलेत." बाबा पैसे काढायला निघालेच होते. म्हटलं, थांबा जरा.

कोडमधला बग शोधताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो, तेच इथे केलं. पहाटे रिकाम्या रस्त्यावर पन्नासला असताना दोन सेकंद क्लच दाबला. आरपीएम खाली आले, आवाज मात्र तसाच. म्हणजे इंजिन सुटलं. (चालत्या गाडीत चावी बंद करायची नाही हां, स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात.)

मग टायर की बेअरिंग? टायरचा आवाज सहसा डांबर आणि काँक्रीटवर वेगवेगळा येतो. आमचा बदलेना. पण गाडी हळूच डावीकडे वळवली की वाढायचा, उजवीकडे कमी. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून संशय उजव्या बाजूवर. हा नियम दर वेळी लागू पडतोच असं नाही.

वागळे इस्टेटमधल्या एका काकांनी जॅक लावून पुढचं उजवं चाक हाताने फिरवलं आणि म्हणाले, "स्प्रिंगला हात लाव." आत वाळू भरल्यासारखी खरखर! डावं चाक एकदम गुळगुळीत. पावसातलं पाणी आत गेलं, ग्रीस संपलं की बेअरिंगच्या गोळ्यांना आणि त्यांच्या वाटेला खड्डे पडतात. म्हणून स्पीडबरोबर आवाजही चढतो. दुर्लक्ष केलं तर चाक हलायला लागतं, शेवटी जाम होऊ शकतं किंवा निघूही शकतं. हायवेवर, बाबा एकटे असताना... बेअरिंग त्याच दिवशी बदललं. टायर अजून तेच आहेत.

बाकीचे आवाज पटकन सांगतो. पूर्ण स्टिअरिंग वळवून निघताना टक-टक झालं तर एक्सलचा जॉइंट बघा. ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरलं तर आधी व्हील बॅलन्सिंग, फक्त ब्रेक लावताना थरथरलं तर डिस्क. आणि ब्रेक दाबल्यावर लोखंडावर लोखंड घासल्यासारखं वाटलं, तर गाडी गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकलाच बोलवा.

तुमच्या गाडीचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. स्पीड किती होता, वळत होतात की ब्रेक लावत होतात, तेही लिहा. फक्त रेकॉर्डिंग शेजारी बसलेल्याने करायचं.