पुड्यावर नंबर कोणाचा?



माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत आपल्यातल्या बऱ्याच जणी स्टॉल लावतात. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, कुठून कुठून लोक येतात. मोहाचे लाडू चाखतात, दोन पुडे घेतात आणि आपल्या गावी जातात. महिन्याभराने त्यांना परत लाडू हवे झाले तर मागवणार कोणाकडून? पुड्यावर ना नाव, ना नंबर. पावसाळ्यात हाजरा फॉलला येणाऱ्या पर्यटकांचंही तसंच होतं.

ऑनलाइन मार्केटिंग म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही. एकदा आलेला ग्राहक हातचा जाऊ न देणं, इथून सुरुवात होते. शहरातले साडी दुकानदार हेच करतात. नवा माल आला की स्टेटसला फोटो, खाली भाव. बाई घरूनच कळवते, "ती हिरवी बाजूला ठेवा."

तुम्ही म्हणाल, "मॅडम, आमच्यानं नाही होत हे मोबाईलचं." होतं, ताई. गटात एक स्मार्टफोन असला तरी पुरे.

सुरुवात कशी करायची?

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट मिळतं. त्यात गटाचं नाव, गाव, कामाची वेळ टाकता येते. 'कॅटलॉग'मध्ये प्रत्येक वस्तूचा फोटो, वजन आणि भाव लिहून ठेवता येतो. ग्राहकाने विचारलं की तोच पाठवायचा.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ब्रॉडकास्ट लिस्टवरून पाठवलेला मेसेज फक्त त्यांनाच पोचतो, ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो. म्हणून स्टॉलवरच हसून सांगा, "दादा, नंबर सेव्ह करून घ्या, माल आला की कळवतो."

बाजारात ग्राहक तांदूळ हातात घेऊन बघतो, लाडूचा वास घेतो. फोनवर ते जमत नाही. तिथे फोटो आणि लिहिलेली माहिती हाच त्याचा भरवसा. फोटो दिवसाच्या उजेडात, स्वच्छ कापडावर ठेवून काढा. दुसऱ्याचा फोटो उचलून टाकू नका. पुड्यावर वजन, भाव, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल ते आणि अन्न परवान्याचा १४ अंकी नंबर हवाच.

पार्सलचा खर्च आधी पोस्टात विचारून घ्या. समजा पुडा १०० रुपयांचा आणि पार्सलला ६० रुपये लागले, तर एक पुडा कोण मागवेल? "कमीत कमी चार पुडे" असं आधीच लिहा. आणि जेवढं बनवू शकतो तेवढीच ऑर्डर घ्या.

माझी चूक

एका गटाच्या पुड्यावर मी माझाच नंबर छापायला सांगितला होता. कोणाकडे स्मार्टफोन नव्हता, मला वाटलं मदत होईल. मी आठ दिवस सुट्टीवर गेले. ऑर्डरचे मेसेज माझ्या फोनवर पडून राहिले. ग्राहक तर गेलेच, पण त्याहून वाईट म्हणजे कोण विचारतंय, काय मागतंय हे गटाला कधी कळलंच नाही. माल त्यांचा, आणि ओळख माझ्याकडे! तेव्हापासून मी कोणालाच माझा नंबर देऊ देत नाही.

म्हणून गटासाठी वेगळं सिमकार्ड घ्या. ते कोणत्या ताईच्या नावावर, फोन कोणाकडे राहील, याचा ठराव इतिवृत्तात लिहा. पदाधिकारी बदलल्या तरी नंबर गटाकडेच राहील.

पैशाचंही तसंच. मुलाच्या किंवा घरधन्याच्या क्यूआर कोडवर पैसे आले की ते घरखर्चात मिसळतात आणि बैठकीत भांडण होतं. गटाच्या खात्याचा क्यूआर कोड मिळतो का, बँकेत विचारा. नाही मिळाला तर ग्राहकाला गटाचा खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड द्या. एखाद्या ताईच्या खात्यावर घ्यावेच लागले, तर ठराव करून घ्या, त्याच दिवशी वहीत लिहा आणि बैठकीत जमा करा.

सावध राहा

पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका" असं कोणी म्हणालं की फोन ठेवा. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

१९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापड. तेव्हा मोबाईल नव्हता, स्टेटस नव्हतं. धंदा देशभर वाढला, पण मालक त्या लाटणाऱ्या बायाच राहिल्या. फोनमुळे आपला बाजार मोठा होईल. मालकी मात्र आपल्याला सांभाळावी लागेल.

येत्या बैठकीत आपला एक पुडा मधोमध ठेवा आणि सगळ्या जणी बघा, त्यावर नंबर कोणाचा आहे? नसेल, तर तोच पहिला ठराव.