विश्लेषण : मेलबॉक्स भरला, जुनी बिले जपायची कशी?

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचा व्यापार असो की साताऱ्याच्या एमआयडीसीतील छोटा कारखाना. बिले, ऑर्डरी आणि बँकेची पत्रे आता ईमेलवरच येतात. वर्षानुवर्षे साठलेल्या मेलमुळे ‘जागा संपली’ असा इशारा दिसला, की सगळेच पुसून टाकण्याचा मोह होतो. तो महागात पडू शकतो.

जुने मेल का ठेवायचे?

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात. शिवाय ऑगस्ट २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि सांगलीच्या बाजारपेठेत पाणी शिरले. अशा वेळी तळमजल्यावरच्या वह्या भिजतात. मेलमधील प्रत शाबूत राहते.

जागा कशाने भरते?

गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून ती वापरली जाते. मेलमध्ये सर्वाधिक जागा खातात त्या जोडलेल्या फाइली. मेलने पाठवताना फाइलचे रूपांतर अक्षरांत होते, त्यामुळे ती सुमारे एक तृतीयांशाने फुगते.

‘अर्काइव्ह’ केल्याने जागा सुटते का?

नाही. मेल फक्त इनबॉक्समधून बाजूला जातो. डिलीट केलेला मेलही ३० दिवस ट्रॅशमध्ये राहतो आणि तोवर जागा अडवतो. जागा पूर्ण भरली, की नवे मेल येणे-जाणे थांबते. मग एखादी नोटीसही हुकू शकते.

साफसफाई कशी करावी?

हे काम संगणकावर सोपे जाते. जीमेलच्या शोधपट्टीच्या टोकाला असलेल्या चिन्हावर क्लिक केल्यास आकार आणि तारखेनुसार मेल निवडता येतात. १० एमबीपेक्षा मोठे मेल आधी पाहावेत. जाहिराती आणि शुभेच्छांचे व्हिडिओ काढून टाकावेत. हिशेबाच्या मेलना वर्षानुसार लेबल लावावे.

प्रत कशी काढावी?

‘थंडरबर्ड’ या मोफत प्रोग्रॅममध्ये जीमेल खाते जोडावे. पूर्ण मेल डाउनलोड झाल्यावर जुन्या वर्षांचे मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करावेत. ते संगणकावरच राहतात आणि इंटरनेट नसतानाही शोधता येतात. दुसरा मार्ग ‘गुगल टेकआउट’चा. तेथे हव्या त्या लेबलचे मेल ‘एमबॉक्स’ फाइलमध्ये मिळतात.

डिलीट करण्याआधी काय तपासावे?

इंटरनेट बंद करून प्रतीत पाच-सहा जुनी बिले शोधून पाहावीत. पक्षकाराचे नाव टाकल्यावर मेल सापडतो का, जोडलेली फाइल उघडते का, हे पाहिल्याशिवाय मूळ मेलला हात लावू नये. स्कॅन केलेले बिल हे चित्र असते. त्यातील मजकूर शोधात सापडेलच असे नाही. म्हणून पाठवतानाच विषयात पक्षकाराचे नाव, बिल क्रमांक आणि वर्ष लिहावे.

एक प्रत पुरेशी आहे का?

हार्ड डिस्क बिघडते, हरवते आणि पुरात बुडतेही. त्यामुळे प्रती दोन असाव्यात आणि दोन्ही एकाच इमारतीत नसाव्यात. सांगलीतील दुकानाची दुसरी डिस्क साताऱ्यातील नातेवाइकांकडे ठेवली, तर कृष्णेचे पाणी एकाच वेळी दोन्ही प्रतींपर्यंत पोहोचणार नाही. त्या डिस्कला पासवर्ड लावावा आणि दरवर्षी मार्चअखेरच्या हिशेबाबरोबर ती उघडून तपासावी.