कॅमेरा ऑफलाइन! पण तुटलंय नक्की कुठे?

आजचा विषय अगदी घरगुती आहे. घराला कॅमेरे लावले, महिनाभर छान चालले आणि एक दिवस ॲप उघडलं तर काळी चौकट, त्यावर एकच शब्द: ऑफलाइन. आता काय करायचं? ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग इथे लिहून ठेवतेय. मधली बडबड तेवढी कापलीय.

आधी किस्सा. माझे आई-बाबा चिपळूणजवळच्या एका गावात राहतात, मी पुण्यात. बाबांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा मी हट्टाने घराला तीन कॅमेरे लावले. दोन बॅटरीवरचे, एक फाटकाजवळ आणि एक परसदारी. हे दोन्ही एका हबशी जोडलेले. तिसरा पडवीत, वायरवर चालणारा, थेट राउटरच्या वायफायवर. बाबांची एकच अट होती, "घराच्या आत कॅमेरा नको. हे घर आहे, दुकान नाही." ती मी मान्य केली.

मग जूनमधली एक रात्र. साडेअकराला सवयीने ॲप उघडलं, तर तिन्ही कॅमेरे ऑफलाइन. आईचा फोन लागेना. बाबा रात्री फोन बंद करून झोपतात. मी दहा मिनिटं कशीबशी काढली आणि शेजारच्या काकांना फोन लावला. बिचारे भर पावसात टॉर्च घेऊन गेले, दार ठोठावलं. आई-बाबा गाढ झोपलेले! लाइट गेली होती, एवढंच. पण मध्यरात्री दार वाजल्यावर बाबा जे दचकून उठले, ते पहाटेपर्यंत झोपलेच नाहीत. ज्यांच्या काळजीपोटी कॅमेरे लावले, त्यांनाच मी घाबरवलं होतं.

सकाळी आई म्हणाली, "अगं, कॅमेऱ्याने आमच्यावर लक्ष ठेवायचं की आम्ही कॅमेऱ्यावर?"

त्या दिवशी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. ऑफलाइन हा शब्द घरातल्या माणसांबद्दल काहीच सांगत नाही. कॅमेऱ्यापासून तुमच्या फोनपर्यंत जी साखळी आहे तिची एक कडी सुटलीय, एवढाच त्याचा अर्थ. कुठली कडी, ते ॲप सांगत नाही. ते आपणच शोधायचं असतं.

साखळी अशी असते

कॅमेऱ्याचं चित्र आधी हबकडे जातं. हब ते लॅन केबलने राउटरला देतो. राउटरकडून ते फायबरवाल्याच्या डब्यात जातं (बऱ्याच घरांत हा डबा आणि राउटर एकच असतात). तिथून इंटरनेटवर, मग कॅमेरा कंपनीच्या सर्व्हरवर आणि शेवटी तुमच्या फोनवर. जो कॅमेरा थेट वायफायवर आहे, त्याच्या साखळीत हबची कडी नसते.

मग हा हब मधे कशाला? बॅटरी वाचवायला. वायफायवर सतत जागं राहायचं तर बॅटरी लवकर संपते. म्हणून असे कॅमेरे बहुतेक वेळ झोपलेले असतात, हालचाल झाली की उठतात आणि हबशी कमी खर्चात बोलतात. राउटरशी जोडलेलं राहण्याचं काम हब करतो.

पहिला प्रश्न: किती कॅमेरे गेले?

एकच गेला असेल तर दोष त्या कॅमेऱ्याकडे किंवा त्याच्या सिग्नलकडे. हबवरचे सगळे गेले पण वायफायवरचा चालू असेल, तर हब किंवा त्याची केबल. सगळेच गेले तर राउटर, इंटरनेट किंवा लाइट. या एका प्रश्नाने अर्धं काम होतं.

आमच्याकडे सकाळी लाइट आल्यावर पडवीतला कॅमेरा आपोआप सुरू झाला. हबवरचे दोन नाही. म्हणजे राउटर आणि इंटरनेट ठीक होते.

तरी खात्रीसाठी मी बाबांना विचारलं, "नेट चालू आहे ना?" ते म्हणाले, "हो, यूट्यूब लागतंय की!" इथे एक गंमत आहे. घरचं नेट बंद असलं तरी यूट्यूब लागू शकतं, कारण फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो. म्हणून आधी मोबाइल डेटा बंद करायला सांगा आणि मगच विचारा. उलट तुम्ही स्वतः त्याच घरात असाल, तर एकदा वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ॲप उघडून बघा. घरात दिसतंय पण बाहेरून दिसत नाही, अशी भानगड असेल तर ती तेव्हाच कळते.

हब आणि राउटर

बाबांना व्हिडिओ कॉलवर हब दाखवायला सांगितला. दिवा नारिंगी होता, एरवी हिरवा असतो. (रंगांचे अर्थ प्रत्येक कंपनीचे वेगळे, ते सोबतच्या कागदावर असतात. त्या कागदाचा फोटो काढून ठेवा.) केबल नीट बसलेली होती, पोर्टचा छोटा दिवाही लुकलुकत होता. तरी राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत हबचं नावच नव्हतं.

झालं असं होतं: राउटर घरातल्या प्रत्येक उपकरणाला एक पत्ता देतो, १९२.१६८.१.५ असा काहीतरी. लाइट आली तेव्हा हब चटकन जागा झाला आणि त्याने पत्ता मागितला. राउटर आणि फायबरचा डबा अजून डोळे चोळत होते, त्यांना उठायला दोन-तीन मिनिटं लागतात. पत्ता मिळाला नाही आणि आमचा हब तसाच रुसून बसला. चांगल्या हबने पुन्हा पुन्हा विचारायला हवं, पण सगळे विचारत नाहीत. कधी उपकरणाच्या माहितीत १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर समजा की राउटरने पत्ता दिलेलाच नाही, उपकरणाने स्वतःच एक तात्पुरता घेतलाय.

उपाय सोपा: सगळं बंद करा, मग क्रमाने चालू करा. आधी फायबरचा डबा. त्याचे दिवे स्थिर झाले की राउटर. दोन-तीन मिनिटांनी हब. शेवटी कॅमेरे. बाबांनी तसं केलं आणि पाच-सात मिनिटांत दोन्ही कॅमेरे परत आले.

कायमचा उपाय म्हणून राउटर आणि हब दोघांना छोटा यूपीएस लावला. घेताना एक बघा: तुमच्या ॲडाप्टरवर जितके व्होल्ट लिहिलेत तितकेच यूपीएसनेही द्यायला हवेत. अँपिअर जास्त चालतील, कमी नाही.

कॅमेरा आणि हब

फाटकाजवळचा कॅमेरा त्यानंतरही मधूनच जायचा. मी शहाणपणा करून वायफाय वाढवणारा एक्स्टेंडर घेतला. शून्य फरक! कारण आमच्यासारख्या प्रकारात हबवरचा कॅमेरा राउटरचं वायफाय वापरतच नाही. त्याला हबचा सिग्नल लागतो. एक्स्टेंडरने राउटरचा सिग्नल वाढला, हबचा होता तिथेच राहिला.

हब कुठे होता? माजघरात, टीव्हीच्या मागे, आणि मधे जांभ्या दगडाची जाडजूड भिंत. जाड दगडी भिंत सिग्नल खाते, टीव्हीचा धातू आणखी खातो. हब पडवीकडच्या खिडकीत, जरा उंचावर ठेवला आणि प्रश्न मिटला. लांब लॅन केबल एवढाच खर्च. फक्त हब राउटरला चिकटवून ठेवू नका, दोन-तीन हात अंतर असू द्या. दोघेही २.४ गिगाहर्ट्झवर बोलत असतील तर एकमेकांच्या बोलण्यात गोंधळ होतो.

ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर तो उणे असतो. उणे ५० म्हणजे छान, उणे ७० म्हणजे काठावर, उणे ८० म्हणजे आज आहे, उद्या नाही.

फक्त रात्रीच जाणारा कॅमेरा

हा माझा स्वतःचा घोळ. पडवीतला कॅमेरा रोज अंधार पडला की जायचा आणि उजाडलं की यायचा. आईला वाटलं कोणीतरी मुद्दाम करतंय. खरं कारण असं की अंधारात कॅमेरा आपले इन्फ्रारेड दिवे लावतो आणि त्याला जास्त करंट लागतो. कॅमेऱ्याबरोबर ५ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडाप्टर आला होता. त्याची वायर पुरेना, म्हणून मी जुना १ अँपिअरचा मोबाइल चार्जर आणि पाच मीटरची बारीक यूएसबी केबल लावून आले होते. बारीक, लांब वायरमध्ये व्होल्टेज पडतं. दिवसा कसंबसं भागायचं, रात्री दिवे लागले की कॅमेरा मान टाकायचा. मूळ ॲडाप्टर लावला, यूएसबी केबल आखूड ठेवली आणि लांबी भरून काढायला इलेक्ट्रिशियनकडून पडवीत प्लग काढून घेतला. तेव्हापासून रात्रभर चालू.

राउटर बदलला तर

नवीन राउटर आला की जुनंच वायफाय नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. बहुतेक उपकरणं आपोआप जोडली जातात. तरी कॅमेरा नाही आला, तर दोन गोष्टी बघा. एक, बरेच कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर २.४ आणि ५ दोन्ही एकाच नावाने देत असेल, तर जोडणी होईपर्यंत ५ बंद ठेवा. दोन, राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ वर असेल, तर जुने कॅमेरे अडतात. डब्ल्यूपीए२ चालेल अशी निवड करा.

आणि फायबरच्या डब्यापुढे स्वतःचा वेगळा राउटर लावला असेल, तर घरात दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. हब एकावर आणि फोन दुसऱ्यावर असला की ॲप म्हणतं, हब सापडत नाही. जोडणी करताना दोघांना एकाच नेटवर्कवर आणा. गेस्ट वायफायवरही हीच अडचण येते.

ही दोन कामं करू नका

पहिलं, वैतागून रीसेटच्या भोकात पिन खुपसू नका. बंद करून चालू करणं वेगळं आणि फॅक्टरी रीसेट वेगळं. रीसेट केलं की कॅमेरे आणि हबची ओळख पुसली जाते, सगळी जोडणी पहिल्यापासून, तीही बहुधा घरी जाऊनच. बाबांनी एकदा माझ्या नकळत हे केलं आणि मला रजा टाकून चिपळूणची एसटी धरावी लागली.

दुसरं, बाहेरून दिसावं म्हणून कोणाच्या सांगण्यावरून राउटरमध्ये पोर्ट उघडू नका आणि कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवू नका. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने असेच मूळ पासवर्ड वापरून जगभरातले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला त्या फौजेने डिन या कंपनीच्या सर्व्हरवर हल्ला केला, तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट कित्येक तास अनेकांना उघडेनात. हल्ल्यात सामील झालेले कॅमेरे तुमच्या-माझ्या घरांतल्यासारखेच होते.

आमच्या घरचा नवा नियम

आता बाबा रात्री फोन बंद करत नाहीत. फक्त माझा, आईचा आणि शेजारच्या काकांचा नंबर वाजेल असं सेटिंग करून दिलंय. लाइट गेली तर आई झोपण्याआधी एक मेसेज टाकते: "लाइट नाही, आम्ही ठीक." आणि ॲपवर ऑफलाइन दिसलं की मी आधी घरी फोन करते, कडी शोधायचं काम सकाळी.

परवा पुन्हा तिन्ही कॅमेरे गेले होते. मी फोन केला, बाबांनी उचलला आणि हॅलो न म्हणताच सांगितलं, "डबा, राउटर, हब, कॅमेरा. याच क्रमाने लावतोय. तू झोप."

तुमच्या घरचा कॅमेरा कुठल्या कडीवर अडला होता, ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!