राहुरी–शिंगणापूर लोहमार्ग आणि शेतकऱ्याचा माल

सोनई परिसरांतील आमच्या शेतकरी बंधूंस विदित आहेच कीं, सप्टेंबर २०२५ मध्यें रेल्वे खात्यानें राहुरी ते शनिशिंगणापूर या २१.८४ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गास मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज ४९४.१३ कोटी रुपये, म्हणजे दर किलोमीटरास सुमारें साडेबावीस कोटी आहे. हा पैसा सरकारी तिजोरींतला, म्हणजे अखेर रयतेचाच होय. यास्तव त्याचा विनियोग कसा व्हावा, हें सांगण्याचा अधिकार ज्यांच्या शेतांतून हा मार्ग जाईल त्यांस अवश्य आहे.

सदर मार्ग मुख्यत्वें शनिदर्शनास येणाऱ्या भाविकांसाठीं योजिला आहे. त्यांची सोय व्हावी, याविषयीं आमचा वाद नाहीं. परंतु केवळ उतारूंच्या गाड्या धांवून माल सडकेवरच राहिला, तर एवढ्या खर्चाचें फळ अर्धेंच पदरीं पडेल. सोनईचा कारखाना साखर करितो, घोडेगांवच्या बाजारांत कांदा येतो, पेरणीचे सुमारास खताच्या गोण्या लागतात. एका मालगाडींत अडीच हजार टनांच्या आसपास माल जातो. सोळा टनांची एक मालमोटार धरिली, तर दीडशेंहून अधिक मोटारींचें हें ओझें झालें. लोखंडी रुळावर लोखंडी चाकास घर्षण थोडें, म्हणून तेवढ्याच वजनास इंधन पुष्कळ कमी लागतें. विजेच्या इंजिनास तर वाटेंत धूरही नाहीं. पावसाचा नेम कसा चुकूं लागला आहे, हें आपण पाहतोंच. धूर कमी होण्यांत शेतकऱ्याचें हित सर्वांआधीं आहे.

रेल्वेनें मुलूख कसा पालटतो, याचा दाखला जवळच आहे. १८७८ सालीं दौंड–मनमाड मार्ग सुरू झाला आणि पुढें बेलापूर स्टेशनाभोंवतीं श्रीरामपूरची पेठ वाढली. दिरंगाईचा दाखलाही जवळच आहे. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ च्या सुमारास मंजूर झाला; गाडी आष्टीस २०२२ मध्यें आणि बीड येथें सप्टेंबर २०२५ मध्यें पोंचली. मंजुरीचा कागद म्हणजे गाडी नव्हे.

तेव्हां आमच्या मतें तीन गोष्टी आतांच कराव्या. पहिली, ग्रामपंचायती, सोसायट्या, बाजार समिती व कारखाना यांनीं एकत्र अर्ज करून शेवटच्या स्टेशनांत मालधक्का व गुदाम मागावें. आराखडा कायम झाल्यावर त्यास जागा मिळणें कठीण. दुसरी, कालव्याच्या चाऱ्या, ओढे व पाणंदी यांसाठीं भरावाखालून पुरेशा मोऱ्या नकाशांतच दाखवून घ्याव्या. नाहींतर एका अंगास पाणी तुंबेल आणि दुसऱ्या अंगाचें शेत कोरडें राहील. तिसरी, संयुक्त मोजणीपूर्वीं प्रत्येकानें आपला सात-बारा तपासावा. वारसांचीं नांवें, विहीर, पाइपलाइन, फळझाडें यांची नोंद करवून घ्यावी. महसुली दप्तरांत उभा जन्म गेल्यामुळें आम्हांस ठाऊक आहे कीं, ज्याची नोंद नाहीं त्याची भरपाई मिळवितां मिळवितां माणूस थकतो. हरकत असेल ती नोटिशींतील मुदतींत लेखी द्यावी व तिची पोंच घ्यावी.

जमिनीचा मोबदला एकदांच हातीं येतो व खर्चून जातो. मालधक्का मात्र मुलानातवंडांच्या उपयोगीं पडेल. जमीन देणाऱ्यानें पैशाबरोबर तोही मागून घ्यावा, हेंच आमचें सांगणें आहे.