नगरपालिका नसलेले गाव

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात समुद्राकाठी बोलिनास नावाचे छोटे गाव आहे. गावाला लागूनच खाडी आहे. या गावाला नगरपालिका नाही. पोलिसांचे काम जिल्हा पाहतो. पाणी मात्र गावाने निवडलेले पाच जणांचे मंडळ पाहते.

१८ जानेवारी १९७१ रोजी धुक्यात दोन तेलाची जहाजे एकमेकांवर आदळली. लाखो लिटर तेल सांडले. ते बोलिनासपर्यंत आले. खाडीत शिरले असते तर पाखरे, मासे सारे गेले असते! लोक सरकारची वाट बघत बसले नाहीत. त्यांनी खाडीच्या तोंडाशी आडवा बांध घातला, गवत टाकून तेल टिपले. खाडी वाचली.

मदतीला आलेले काही जण गावातच राहिले. त्याच वर्षी मंडळाने ठराव केला. गावाचे पाणी मुख्यतः एका ओढ्याचे, तेव्हा नवे नळ बंद. ५८० नळांवर आकडा थांबला. नळ नाही तर घर कसे बांधणार? जमीनमालक कोर्टात गेले, पण ठराव टिकला. हमरस्त्यावरची गावाची पाटीसुद्धा लोक काढून नेत. सरकारने लावायची, यांनी काढायची!

आम्हांला एक गोष्ट मात्र खटकते. घरे थोडी, म्हणून भाव आभाळाला भिडले. तिथे राबणाऱ्यालाच राहायला जागा मिळेना. आता गावातलीच एक संस्था घरे घेते आणि परवडेल अशा भाड्याने देते.