‘जाईल आपोआप’ म्हणता म्हणता
मनाचं आरोग्य : लेखांक ६

गेल्या आठवड्यात नैराश्याची लक्षणं पाहिली. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारी उदासी, कशातच रस न वाटणं, झोप-भूक बिघडणं, आपण निकामी आहोत असं सतत वाटणं. त्यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, हे आपोआप जात नाही का?

पुष्कळदा जातं. उपचारांविनाही ही अवस्था सहा महिन्यांत, वर्षभरात ओसरू शकते. घरचे म्हणतात, “बघ, डॉक्टरशिवाय झालास की नाही बरा!” पण तेवढ्या काळात काय काय गमावलं, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

मुळात हा उलटणारा आजार आहे. एकदा येऊन गेलेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना तो पुन्हा गाठतो आणि दरवेळी पुढची शक्यता वाढत जाते. पहिल्या वेळी बहुधा मोठा आघात असतो : कुणाचा मृत्यू, गेलेली नोकरी, बुडालेलं पीक. पुढे पुढे क्षुल्लक निमित्तही पुरतं, असं अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट पोस्ट यांनी १९९२ मध्ये मांडलं. म्हणूनच बरं वाटू लागल्यावरही गोळ्या काही महिने चालू ठेवायला सांगतात.

मेंदूवरही याच्या खुणा दिसतात. सेंट लुईसमध्ये इव्हेट शेलाइन यांनी वारंवार नैराश्य आलेल्या ३८ स्त्रियांचे मेंदू तपासले. २००३ च्या त्या अभ्यासात, ज्यांचं नैराश्य जास्त दिवस उपचारांविना राहिलं होतं, त्यांचा स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पस हा भाग अधिक लहान आढळला. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगी ही गोष्ट नाही.

शरीराचं नुकसान तर स्पष्टच आहे. मॉन्ट्रियलमध्ये हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २२२ रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. नैराश्य असलेल्यांमध्ये पुढच्या सहा महिन्यांतले मृत्यू कितीतरी जास्त होते. मधुमेहाचं उदाहरण आपल्या घराघरांत सापडेल. खचलेला माणूस सकाळचं चालणं सोडतो, गोळी कधी घेतो कधी नाही, जेवणाला वेळ राहत नाही. साखर चढते, डॉक्टर डोस वाढवतात. मूळ दुखणं कुणी विचारत नाही, कारण तो स्वतःच सांगतो ते अंगदुखी, जड डोकं, न जाणारा थकवा. मग सलाईन, टॉनिक, रक्ताच्या तपासण्या. पैसा जातोच; त्याहून वाईट म्हणजे महिने जातात.

बाळंतिणीचं नैराश्य तिच्यापुरतं राहत नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना दिसलं, की बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या आयांची बाळं सहा महिन्यांची होईपर्यंत वजनात मागे पडण्याची शक्यता जास्त होती. अशा सुनेला ‘आळशी’ म्हणणाऱ्या घरांविषयी मला मनापासून वाईट वाटतं.

आणि सगळ्यात मोठा धोका जिवाचा. ‘जगून काय करायचं’ असं कुणी म्हणालं, तर ते नाटक समजू नका. शांतपणे, सरळ विचारा : जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्या माणसाला एकटं सोडू नका.

इतकं सगळं टाळता येण्यासारखं आहे, हीच मला सगळ्यात बोचणारी गोष्ट वाटते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या दर शंभर रुग्णांमागे सुमारे पंच्याऐंशी जण उपचारांविना होते. उपचार मात्र दुर्मीळ नाहीत. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. अमरावती जिल्ह्यातल्या गावांतही ‘विश्राम’ उपक्रमाने गावातच मदत पोहोचवल्यावर उपचार घेणारे ४ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले.

जवळ मानसोपचारतज्ज्ञ नसेल, तर सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

(पुढील आठवड्यात : नैराश्याच्या गोळ्यांची सवय लागते का?)