गाठ सुटली पाहिजे

गणेशोत्सवाआधी मांडव घालणाऱ्या कामगाराचे हात नीट पाहावेत. वाशावर वासा आडवा येतो तिथे तो काथ्याचे वेढे घालतो, पीळ देऊन आवळतो आणि टोक आत खोचतो. खिळा नाही, भोक नाही. त्यामुळे उत्सव संपला की वासा शाबूत उतरतो. कापडाचंही तसंच. ते जागेच्या मापाने कापत नाहीत. जास्तीचं कापड चुण्यांत घेऊन टाचण्या लावतात. पुढच्या वेळी जागा मोठी मिळाली, तर चुण्या विरळ होतात आणि तेच कापड पुरून उरतं.

कपड्यांच्या कचऱ्यातून तात्पुरत्या, पुन्हा उभारता येतील अशा वास्तू घडवायच्या, तर हीच करामत साधावी लागते.

पॅरिसच्या क्लारिस मेर्ले यांना कापडाच्या विटेची कल्पना वास्तुकलेचं शिक्षण घेतानाच सुचली. त्यांच्या कंपनीचं नाव फॅबब्रिक. टाकून दिलेले कपडे बारीक फाडायचे, त्या चुऱ्यात पर्यावरणपूरक गोंद कालवायचा, मिश्रण साच्यात भरायचं आणि यंत्राने दाबायचं. मग ओली वीट बरेच दिवस सुकत ठेवायची. एका विटेत दोन-तीन टी-शर्टांइतकं कापड जिरतं. रंग वेगळा द्यावा लागत नाही. निळ्या जीन्सची वीट निळीच निघते. तिला इमारतीचा भार मात्र पेलत नाही. त्यामुळे ती आतल्या पडद्या आणि सजावटीसाठी वापरतात.

कापडाच्या कचऱ्याला ही वाट दाखवण्यात मोठा शहाणपणा आहे. कपडा फाडला की तंतू आखूड होतात, आणि चांगल्या सुताला तर लांब तंतू लागतो. पानिपतच्या गिरण्या वर्षानुवर्षं जुन्या कपड्यांपासून सूत काढून ब्लँकेटं विणतात, पण ते सूत जाडंभरडंच असतं. विटेला किंवा फळीला आखूड तंतू चालतो. उलट त्यात अडकलेली हवा आवाज आणि उष्णता अडवते.

खरी परीक्षा जोडाची. कापडाच्या विटा एकमेकींना कायमच्या चिकटवल्या, तर प्रदर्शन संपल्यावर ती पडदी फोडावीच लागणार, आणि कचऱ्याचा फक्त मुक्काम वाढणार. नेदरलँड्समधल्या आइंडहोवेनला २०१७च्या डच डिझाइन वीकमध्ये ‘पीपल्स पॅव्हिलियन’ उभा राहिला, तो उसन्या आणलेल्या सामानातून. ब्युरो एसएलए आणि ओव्हरट्रेडर्स डब्ल्यू या वास्तुकारांनी लाकडी वासे पट्ट्यांनी आवळून सांगाडा उभा केला. लाकूड कापायचं नाही, स्क्रू मारायचा नाही, गोंद लावायचा नाही, हा दंडकच होता. कारण सामान मूळ मालकांना जसंच्या तसं परत करायचं होतं. ही वास्तू कापडाची नव्हती, पण कापडाची वीट हाती घेणाऱ्याने गिरवावा तो धडा इथेच आहे.

महाराष्ट्रात २०१८च्या बंदीने थर्माकोलच्या सजावटीवर गदा आली. हलक्या, कमी खर्चाच्या साहित्याचा शोध तेव्हापासून चालू आहे, आणि आपल्याकडे चिंध्यांना तोटा नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत माग आहेत, गल्लोगल्ली शिंप्यांची दुकानं आहेत. शिवाय काथ्याची गाठ मारणारे हातही इथेच आहेत. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी एखादा हंगाम मांडववाल्यांच्या हाताखाली काढावा. आणि मंडळांनी सजावटीचं काम देताना किती दिवसांत उभं राहील, एवढंच विचारू नये. उतरवल्यावर त्यातलं काय काय पुढच्या वर्षी पुन्हा लागेल, हेही विचारून घ्यावं.